प्रस्थान पश्चिमेला

ओमानला जायचं ठरल्यापासून भय्यासाहेब पागनिसांचं डोकं जे फिरलं, ते एका शब्दामुळे. तो शब्द म्हणजे दुबई.

दूधवाल्याला सांगितलं, शुक्रवारपासून दूध बंद, आम्ही ओमानला चाललोय. तो म्हणाला, "अच्छा, दुबई!" इस्त्रीवाल्यानं चार शर्ट मोजले आणि म्हणाला, "वाह साब, दुबई!" महाराष्ट्र समाजाच्या वाचनालयात पुस्तक परत करायला गेले तर तिथल्या बाईंनी रजिस्टरमध्ये खुशाल लिहिलं, 'पागनीस – दुबईला गेले'. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं उज्जैनमध्ये चौतीस वर्षं भूगोल शिकवला, जगाचा नकाशा फळ्यावर हातानं काढला, त्यानं हे ऐकून घ्यायचं? "अहो बाई, ओमान हा वेगळा देश आहे! सुलतान वेगळा, चलन वेगळं, राजधानी मस्कत!" भय्यासाहेब वाचनालयातच कडाडले. बाईंनी शांतपणे चष्मा वर केला. "म्हणजे दुबईच्या बाजूला नं?" बाजूला होतंच ते, त्यामुळे भय्यासाहेबांना जास्तच संताप आला.

तसे ते रोजच चिडायचे. वर्तमानपत्र ओलं आलं म्हणून चिडायचे, कोरडं आलं तर त्यातल्या बातम्यांवर चिडायचे. पण या वेळच्या चिडण्याखाली एक खरं कारण होतं, ते म्हणजे त्यांची मुलगी भार्गवी. चार वर्षांपूर्वी ती आणि जावई अनय नोकरीसाठी मस्कतला गेले. "दोन वर्षांत वापस येतो, बाबा," असं स्टेशनवर वाकून नमस्कार करताना म्हणाली होती. दोनाची चार झाली. तेव्हापासून भय्यासाहेब तिच्याशी फोनवर तीनच वाक्यं बोलत. "हं. बरी आहेस? आईला देतो."

आता तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून भय्यासाहेबांनी कोणाला न सांगता मागची खोली रंगवून घेतली, पिस्ता रंगानं. रंग वाळतो न वाळतो तोच बातमी आली की रक्तदाब वाढलाय, डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ मनाई केली. मग मुलगी माहेरी येऊ शकत नाही तर माहेरानंच तिकडे जायचं, असं भय्यासाहेबांच्या बायकोनं, नंदाताईंनी ठरवलं. भार्गवी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्हीपण या नं. रागावला नसाल तर." "मी कशाला रागावू!" असं भय्यासाहेब इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गच्चीवरच्या बाईनं वाळवणाची चादर अर्धवट सोडून खाली पाहिलं. मग फोन ठेवून ते तासभर ॲटलास उघडून बसले. बाळाच्या आधी पोचायचं होतं. बाकी काही नाही. मुलीच्या उशाशी बसायचं आणि चार वर्षं जे बोललो नाही ते बोलायचं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर चिडून सांगितलं असतं.

गल्लीला मात्र सगळं सांगावं लागलं. फ्रीगंजमधल्या त्या गल्लीत परदेशी जाणारा माणूस म्हणजे सगळ्यांची जबाबदारी. एकानं सांगितलं, वाळवंटात कांदा खिशात ठेवा. दुसऱ्यानं सांगितलं, उंटाच्या मागे उभं राहू नका. भय्यासाहेब म्हणाले, "मस्कतला समुद्र आहे, डोंगर आहेत, उंट माझ्यासाठी विमानतळावर येणार नाहीये!" त्यावर तो म्हणाला, "तरी पण सांगून ठेवलं."

आणि कोपऱ्यावरच्या देवश्रीवहिनी. बाई मनानं सोन्यासारखी, पण बातमी आणते ती नेहमी काम झाल्यावर. नंदाताईंनी बाळंतिणीसाठी डिंकाचे साठ लाडू वळले. मंदसौरहून खास खसखस मागवून, भाजून, भरपूर घातली. साठावा लाडू डब्यात गेला आणि देवश्रीवहिनी दारात. "अगंबाई, खसखस? तिकडे खसखस नेली तर सरळ आत टाकतात म्हणे! माझ्या भावजयीच्या मैत्रिणीचा सासरा अडकला होता."

"कुठे?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"दुबईला."

"ओमान वेगळं आहे!" पण व्हिसाचं काम करणारा टावर चौकातला रमेश एजंट फोनवर म्हणाला, "अंकलजी, रिस्क क्यों लेते हो? खसखस मत ले जाइए." झालं. साठ लाडू गल्लीनं तीन दिवसांत संपवले. भय्यासाहेबांनीही रागारागानं रोज दोन खाल्ले आणि त्यांना बाळंतिणीचं औषध लागू पडलं, दोन किलो वजन वाढलं. नंदाताईंनी बिनखसखशीचे साठ पुन्हा वळले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं म्हणायचं. खरी झंझट टिकिटापासून सुरू झाली. जावयानं टिकिट काढलं शुक्रवारचं, कारण तिकडे शुक्रवारी सुट्टी, त्याला विमानतळावर येता येईल. इंदूरहून मुंबई, मुंबईहून मस्कत. बाळंतपणाच्या तारखेला दोन आठवडे शिल्लक राहत होते. भय्यासाहेबांनी नाइलाजानं मान्य केलं की मुलगा अगदीच बेअक्कल नाही. पण नंदाताईंनी पंचांग उघडलं आणि कपाळाला हात लावला. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल! त्या दिवशी पश्चिमेकडे निघायचंच नाही. मुलीची वेळ अशी नाजूक, रक्तदाब वाढलेला, आणि आपण दिशाशुळात निघायचं?

"विमानाला दिशाशूल नसतं, नंदा."

"विमानाला नसेल. भार्गवीला आहे." आणि त्या गुरुजींना घेऊनच आल्या. उज्जैनमध्ये गुरुजी मिळायला वेळ लागत नाही.

गुरुजींनी मार्ग काढला, तो जुनाच मार्ग. प्रस्थान ठेवायचं. चांगला दिवस बघून प्रवासाची एखादी वस्तू, सुपारी, अक्षता, एका फडक्यात बांधून, जायचंय त्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे शास्त्रानं तुम्ही त्याच दिवशी निघालात. मग शुक्रवारी बोचकं उचलायचं आणि चालू लागायचं, दिशाशूल लागत नाही. भय्यासाहेबांना हे फालतू वाटलं, पण त्यांनी गप्प बसायचं ठरवलं. ठरवलं ते टिकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"सोमवारी संध्याकाळी ठेवा," गुरुजी म्हणाले. "राजाचं प्रस्थान दहा दिवस चालतं, मांडलिकाचं सात, आणि सामान्य माणसाचं पाच. सोम ते शुक्र पाच बरोबर होतात."

"सामान्य?" भय्यासाहेबांची मान वर आली. "गुरुजी, पागनीस आहोत आम्ही. शिंद्यांच्या फौजेची पागा आमच्या पूर्वजांच्या हाती होती."

"घोडे सांभाळणारा मांडलिक कसा होईल?" नंदाताई म्हणाल्या.

"राजा घोड्यावर बसून येतो, तो घोडा कोण देतो? सामान्य म्हणे! सात दिवस धरा, गुरुजी."

गुरुजींना पुढच्या यजमानाकडे जायचं होतं. त्यांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "बरं, सात. शनिवारी सकाळी नऊ बाराला ठेवा. आणि दिशा जरा वायव्य धरू, म्हणजे कोपऱ्यावरच्या वहिनींकडे ठेवता येईल. तुमच्या घरच्यासारख्याच आहेत."

इथे भय्यासाहेबांनी गप्प बसायला हवं होतं. खरंच हवं होतं. वायव्येला देवश्रीवहिनी होत्या, सोय होती, चहा मिळाला असता. पण भूगोलाच्या मास्तरापुढे चुकीची दिशा! "वायव्य? कशाच्या आधारावर वायव्य?" त्यांनी ॲटलास आणला, गुरुजींच्या मांडीवर ठेवला आणि बोटानं रेघ दाखवली. "हे उज्जैन. तेवीस अक्षांश आणि वर थोडं. हे मस्कत. तेवीस पूर्णांक सहा दशांश. फरक काय राहिला? काही नाही! सरळ पश्चिम. लख्ख पश्चिम. वायव्य म्हणणाऱ्याला मी सहावीत नापास केलं असतं."

गुरुजींनी नकाशाकडे पाहिलं, मग खिडकीतून बाहेर. पागनिसांच्या घराच्या सरळ, लख्ख पश्चिमेला, रस्त्यापलीकडे, एकच घर होतं. माणिकराव ताऱ्यांचं.

आणि ताऱ्यांशी भय्यासाहेब बारा वर्षं बोलले नव्हते.

तारे म्हणजे रिटायर्ड स्टेशनमास्तर. बारा वर्षांपूर्वी समाजाच्या गणेशोत्सवात भय्यासाहेबांचं व्याख्यान होतं, 'माळव्यातला मराठी माणूस : काल, आज आणि उद्या'. तारे त्या वर्षी कार्यक्रमाचे संयोजक. व्याख्यान रंगात आलं होतं, निदान भय्यासाहेबांना तसं वाटत होतं, आणि अकराव्या मिनिटाला ताऱ्यांनी व्यासपीठामागून माइकचं बटण बंद केलं. नुसतं बंद! चिठ्ठी नाही, खोकणं नाही. भय्यासाहेबांचे ओठ हलत राहिले आणि पुढच्या रांगेतली मुलं हसायला लागली. त्या दिवसापासून समोरासमोर राहून, एकाच दूधवाल्याचं दूध पिऊन, दोघं एकमेकांना दिसत नव्हते. नंदाताई आणि तारेवहिनी मात्र सर्रास एकमेकींकडे जायच्या, त्यावर भय्यासाहेबांचं काही चालत नव्हतं.

"वायव्यच धरू या का?" गुरुजींनी हळूच विचारलं.

शब्द मागे घ्यायचा म्हणजे सहावीतलं पोर ठरायचं. भय्यासाहेब दातओठ खात म्हणाले, "पश्चिम."

शनिवारी नऊ बाराला नंदाताई लाल फडक्यातलं बोचकं घेऊन रस्ता ओलांडून गेल्या. भय्यासाहेब पडद्याआडून बघत होते. त्यांची अपेक्षा होती की तारे नाही म्हणतील, निदान तोंड वाकडं करतील. पण त्या माणसानं काय करावं? दोन्ही हातांनी बोचकं घेतलं, कपाळाला लावलं आणि देवघरात नेऊन ठेवलं. भय्यासाहेबांना हा निव्वळ आगाऊपणा वाटला. दिवसभर ते त्याच रागात होते.

सोमवारी सकाळी अकराला रमेश एजंटचा फोन आला.

"अंकलजी, गड़बड़ हो गई. वीज़ा अटक गया. पासपोर्ट की कॉपी का कोना कटा हुआ है, और आपकी फोटो रिजेक्ट हुई. माथे पर वो चंदन लगा है."

खरं होतं. फोटोच्या दिवशी भय्यासाहेब महाकालाचं दर्शन घेऊन तसेच गेले होते, कपाळभर चंदनाचा ठसा घेऊन. उज्जैनमध्ये त्याला कोण काय म्हणणार? निम्मं गाव तसंच फिरतं.

"तो फिर?"

"ओरिजिनल पासपोर्ट ले आइए, मैं यहीं स्कैन कर दूँगा. और नई फोटो. शाम पाँच बजे तक, नहीं तो शुक्रवार भूल जाइए."

भय्यासाहेबांनी कपाट उघडलं. पासपोर्ट नव्हते. दुसरं कपाट उघडलं. गाद्या उलटल्या, लाडवांचे डबे उघडले. अर्ध्या तासात घराची अशी अवस्था केली की चोरानंही लाज वाटून आवरून ठेवलं असतं. नंदाताई स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

"अहो, ओरडू नका आधी."

"मी ओरडत नाहीये!!"

"गुरुजी म्हणाले होते, प्रवासाची मुख्य वस्तू ठेवा. पूर्वी कोणी जानवं ठेवायचं, कोणी तलवार. मी विचार केला, आता प्रवासाची मुख्य वस्तू म्हणजे पासपोर्टच नं? दोन्ही बांधले."

भय्यासाहेब खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. ज्या वस्तूशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही ती वस्तू या बाईनं सुपारीबरोबर गाठोड्यात बांधून दुश्मनाच्या देवघरात ठेवली. आणि सात दिवसांचा हट्ट कुणाचा? पाच दिवस धरले असते तर बोचकं आज संध्याकाळी गेलं असतं, पासपोर्ट आत्ता कपाटात असते. हे नंदाताई बोलल्या नाहीत. पण त्यांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर भय्यासाहेबांना पुरेशी झोंबली.

"जा, घेऊन ये!"

"मी? माझ्या हातानं नाही चालणार. घरच्या कर्त्यानं उचलावं लागतं." त्यांनी गुरुजींना फोन लावून स्पीकरवर टाकला. गुरुजींच्या मागे कुठेतरी अभिषेकाची घंटा वाजत होती. ते ओरडून म्हणाले, "उचला, उचला, काही हरकत नाही! पण एक लक्षात ठेवा, भय्यासाहेब, प्रस्थान उचललं की प्रवास सुरू झाला. मग घराचा उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला तर प्रवास मोडला!"

"म्हणजे मी चार दिवस कुठे राहू?"

"प्रस्थान जिथे तिथे," गुरुजी म्हणाले आणि घंटेत गुंग झाले.

भय्यासाहेबांनी पायात चपला घातल्या. उंबरा-बिंबरा सब बकवास, पासपोर्ट घ्यायचे, काम करायचं, घरी येऊन जेवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. रस्ता जेमतेम वीस पावलांचा, पण तो ओलांडायला त्यांना बारा वर्षं लागली होती. ताऱ्यांनी दार उघडलं.

"बोचकं," भय्यासाहेब म्हणाले.

"या," तारे म्हणाले. घड्याळात पाहिलं. "अकरा बेचाळीस."

कोणी विचारलं होतं वेळ? भय्यासाहेबांनी बोचकं उचललं, पासपोर्ट खिशात घातले आणि रिक्षा पकडली. देवास गेटला फोटो स्टुडिओत कपाळ तीनदा धुवायला लावलं. फोटोवाला म्हणाला, "अंकलजी, मुस्कुराना मत." भय्यासाहेब म्हणाले, "चिंता मत करो." तिथून टावर चौक. रमेश एजंटच्या दुकानात वीज गेलेली, स्कॅनर बंद. घामाघूम होऊन दीड तास बसले. वीज आली तर रमेशजी चहा प्यायला गेलेले. चार पन्नासला अर्ज गेला. "हो जाएगा, अंकलजी. आप तो समझो पहुँच गए दुबई."

भय्यासाहेब काही न बोलता बाहेर पडले. बोलायला सुरुवात केली असती तर दुकान राहिलं नसतं.

साडेपाचला ते गल्लीत उतरले. भूक लागलेली, पाय सुजलेले. स्वतःच्या घराचं फाटक उघडलं. नंदाताई दारात दोन्ही हात आडवे करून उभ्या. "अहो, नका नं. मी टिफिन पाठवते तिकडे."

"बाजूला हो. माझं घर आहे. मी भूगोलाचा माणूस आहे, मला उंबऱ्याची भीती घालू नकोस."

"मला भीती वाटते नं पण!"

"चार पायऱ्या चढायला मला गुरुजीची परवानगी लागणार?" आणि ते पायऱ्या चढले. एक, दोन, तीन. चौथीवर असताना खिशातला फोन वाजला. अनय होता.

"बाबा, घाबरू नका. भार्गवीला ॲडमिट केलंय. बीपी खूप वाढलंय. डॉक्टर म्हणतात लक्ष ठेवावं लागेल. ती ठीक आहे, फक्त तुम्ही कधी येताय ते सारखं विचारतेय."

भय्यासाहेब उजवा पाय उचललेल्या अवस्थेत उभे होते. समोर उंबरा. त्यावर नंदाताईंनी सकाळी काढलेली रांगोळी, आत त्यांची खुर्ची, पंखा, पिवळा दिवा. फालतू गोष्ट होती. सगळी फालतू गोष्ट होती हे त्यांना शंभर टक्के माहीत होतं. चौतीस वर्षं त्यांनी मुलांना सांगितलं होतं की ग्रहणात जेवल्यानं काही होत नाही.

त्यांनी पाय मागे घेतला. वळले, फाटक लावलं, रस्ता ओलांडला आणि ताऱ्यांच्या दारावर टकटक केली.

"शुक्रवारपर्यंत राहायचंय," ते रागानंच म्हणाले.

"खोली तयार आहे," तारे म्हणाले.

आता पुढच्या तीन दिवसांचं काय सांगायचं! स्वतःच्या घरासमोर, दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या टॉवेलनं तोंड पुसत माणसानं राहायचं. समोर नंदाताई आरामात टीव्ही बघताना दिसायच्या. "मी कुठे उचललं? उचललंत तुम्ही," असं म्हणून त्या घरातच राहिल्या, शुक्रवारी त्या नवऱ्याच्या मागून निघणार होत्या. भय्यासाहेब ताऱ्यांच्या गॅलरीतून ओरडायचे, "नंदा, नळ चालू राहिलाय!" अख्खी गल्ली बघायची. इस्त्रीवाला कपडे घेऊन आला तो गोंधळून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. म्हणाला, "साब, दुबई नहीं गए?"

आणि तारे! तो माणूस घर नाही, स्टेशन चालवत होता. सहाला दिवे, सहा दहाला चहा. "चहा चार मिनिटं उशिरानं येत आहे," असं खरंच सांगायचा. मस्कतहून फोन आला की मात्र उठून आत जायचा. बुधवारी व्हिसा आला, भार्गवीचं तसंच होतं, चढ-उतार. भय्यासाहेबांना कोणावर तरी ओरडायचं होतं आणि समोर तारेच होते.

"तुम्ही माझा माइक बंद केला होता."

तारे पेपर वाचत होते. "बारा वर्षांनी विचारताय? दहा मिनिटं ठरली होती. मी एक मिनिट जास्त दिलं."

"मी समारोपावर आलो होतो!"

"भय्यासाहेब, विषय होता काल, आज आणि उद्या. अकराव्या मिनिटाला तुम्ही कालवरच होता."

तारेवहिनी आतून फिस्सकन हसल्या. भय्यासाहेब तिरीमिरीत उठले, दारापर्यंत गेले, समोरचं स्वतःचं घर पाहिलं, आणि जायला जागा नाही म्हणून परत येऊन बसले. संध्याकाळचं जेवण होईपर्यंत दोघं माळव्यातल्या मराठी माणसाच्या कालवर कचाकचा भांडत होते. बारा वर्षांचं सगळं साचलेलं बाहेर आलं, अगदी पुढच्या रांगेतल्या मुलांच्या हसण्यापर्यंत. तारे म्हणाले, मुलं हसली ते चुकलं, मी त्यांना तेव्हाच दटावलं होतं. हे भय्यासाहेबांना माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी नऊला समोरचं दार धाडकन उघडलं आणि नंदाताई अनवाणी, हातात फोन घेऊन रस्त्यावर आल्या. "अहो! मुलगी झाली! दोघी ठीक आहेत!" त्या रडत होत्या आणि हसत होत्या. देवश्रीवहिनी धावल्या, तारेवहिनी साखर घेऊन आल्या, गच्च्यांवरून माणसं डोकावली. "पागनिसांना दुबईला नात झाली!" कोणीतरी ओरडलं. भय्यासाहेबांनी ते ऐकलं, पण ओमान वेगळं आहे असं ते ओरडले नाहीत.

गॅलरीतल्या खुर्चीत ते तसेच बसून राहिले. एक दिवस. फक्त एक दिवस राहिला होता. एवढं सगळं केलं आणि पोचलो नाही. मग आला पुन्हा राग.

तासाभरानं फोन वाजला. सकाळपासून नातेवाइकांनी पिळून काढलेला नंदाताईंचा फोन. तो हातात घेऊनच त्या ताऱ्यांकडे आल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि भय्यासाहेबांपुढे धरला. "भार्गवी आहे. म्हणते, बाबांना दे."

"हं," भय्यासाहेब म्हणाले.

"बाबा." आवाज अगदी बारीक. "झालं हो. मुलगी आहे."

"माहीत पडलं. दोन आठवडे थांबायला काय झालं होतं? उद्या येतच होतो नं आम्ही!"

"रागावलात?"

"हो, रागावलोय! चार वर्षं रागावलोय! दोन वर्षं म्हणाली होतीस तू स्टेशनवर, माझ्या पायाला हात लावून. मी मागची खोली रंगवली, ती तशीच पडलीय. घरात माझ्याशी भांडायला कोणी नाही. तुझी आई भांडत नाही, ऐकून घेते आणि तिला हवं तेच करते. आणि सोमवारपासून मी स्वतःच्या घरात पाऊल टाकलेलं नाही, ठाऊक आहे? समोर घर दिसतं आणि जाता येत नाही. का, तर गुरुजी म्हणतो प्रवास मोडेल. मला काय घेणं त्या गुरुजीशी! पण तू तिकडे दवाखान्यात... मी म्हटलं, नको. उगीच माझ्यामुळे तुला काही..." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घरात नाही? मग कुठे राहताय?"

"ताऱ्यांकडे."

पलीकडे मागे कुठेतरी तान्हं बाळ कुरकुरत होतं.

"तारेकाकांकडे? माइकवाल्या?" भार्गवी म्हणाली. "बाबा, तुम्ही माझ्यासाठी तारेकाकांकडे राहिलात?" आणि ती रडायला लागली. चांगली मोठ्यानं, लहानपणी पडल्यावर रडायची तशी.

"रडू नकोस, टाके ओढतील! आता ऐक. पहिली गोष्ट म्हणजे..." आणि भय्यासाहेब बोलायला लागले. चार वर्षांचं पहिल्यापासून. ती स्टेशनवरून गेली त्या दिवसापासून. नंदाताई गॅलरीच्या पायरीवर बसून ऐकत होत्या. पाच मिनिटं झाली, आठ झाली, दहा झाली. फोन पींपीं करायला लागला, बॅटरी संपत आली होती. भय्यासाहेबांना त्याचं भान नव्हतं.

तारे दारात उभे होते. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. अकरावं मिनिट. ते वळले आणि आत गेले.

दुसऱ्या मिनिटाला लांब वायरचा विजेचा बोर्ड आणि चार्जर घेऊन बाहेर आले, गुडघे धरत खाली वाकले, चार्जरची पिन भय्यासाहेबांच्या कानाशी असलेल्या फोनात घुसवली आणि बटण दाबलं. पींपीं थांबलं.

भय्यासाहेबांनी वर पाहिलं.

"बोला," तारे म्हणाले. "लाइन क्लिअर आहे."

भय्यासाहेब पुन्हा रागावून बोलू लागले. ते अजून पहिल्याच वर्षावर होते.